रोहिदास वाकुरेंचा तिसरा रकाना

रोहिदास वाकुरेंनी माझा मिक्सर दुरुस्त करून आणून दिला तेव्हा त्याच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठीत पट्टीने आखलेले तीन रकाने. ‘काय झालं’ याखाली लिहिलं होतं, ‘मोटर फिरत नव्हती.’ ‘काय केलं’ याखाली, ‘कार्बन ब्रश बदलले. आत गेलेली चटणी काढली.’ आणि ‘काय राहिलं’ याखाली, ‘मोठ्या भांड्याचं झाकण सैल आहे. मॅडम रागात जोरात दाबतात.’

मी बत्तीस वर्षं चिंचवडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. तेवढ्या काळात माझ्या रागाबद्दल मला लेखी कळवण्याची हेडमास्तरांचीसुद्धा छाती झाली नव्हती. चिठ्ठी हातात घेऊन मी तरातरा तळमजल्यावर गेले. वाकुरे दारातच चपला घालत होते.

“हे काय लिहिलंय?”

“काय राहिलं ते,” ते म्हणाले. “चुकलं का काही?”

“मी रागात दाबते हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“झाकणानं,” वाकुरे म्हणाले, अगदी शांतपणे. “एकाच बाजूनं झिजलंय की ओ. तिसऱ्या रकान्यात खोटं लिहिता येत नाही, मॅडम.”

ही आमची पहिली सविस्तर भेट. पिंपळे सौदागरला मोठमोठ्या सोसायट्या उठल्या, त्यांच्या मधे चेपून राहिलेली आमची चार मजली जुनी इमारत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वाकुरे तळमजल्यावर, ते, त्यांची बायको मंजुषा आणि गेल्या वर्षी बारावीत असलेली मुलगी पिंकी. मूळचे धाराशिव जिल्ह्यातले, कळंबकडचे. चाकणच्या एका कंपनीत मशीनच्या देखभालीवर. कंपनीत गाड्यांच्या सीटखालचे लोखंडी सांगाडे ठोकून काढतात. ठोकणारी ती अजस्र प्रेस मशीनं बंद पडू नयेत आणि पडली तर लवकर चालू व्हावीत, हे वाकुऱ्यांचं काम. एकोणीस वर्षं ते हेच करत होते.

तीन रकाने त्या कंपनीतलेच. एक शिफ्ट संपून दुसरी येते, तेव्हा जाणाऱ्याने एका जाड वहीत लिहून ठेवायचं: काय झालं, काय केलं, काय राहिलं. येणाऱ्याने आधी तिसरा रकाना वाचायचा आणि मगच मशीनला हात लावायचा. राहिलेलं काम ज्याच्या हातून पूर्ण होईल, त्याने त्या ओळीवर लाल रेघ मारायची, वेळ टाकायची आणि सही करायची. बस्स. पण वाकुऱ्यांच्या हाताला ते इतकं बसलं होतं की माणूस घरी आला तरी वही सुटत नव्हती. इमारतीचा पंप दुरुस्त केला की वॉचमनसाठी चिठ्ठी. भाजी आणली की मंजुषासाठी चिठ्ठी: ‘काय राहिलं: कोथिंबीर. बरी नव्हती.’ एका वर्षी इमारतीच्या गणपतीचा अहवाल त्यांच्याकडे दिला होता. त्यांनी तो फलकावर लावला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘अध्यक्षांचं भाषण. आरतीची वेळ झाली म्हणून अर्ध्यात थांबवलं.’ अध्यक्ष चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. वाकुऱ्यांना कारण कळलंच नाही, कारण त्यांच्या मते उरलेलं भाषण पुढच्या वर्षी घ्यावं म्हणूनच त्यांनी ते नोंदवलं होतं.

तर अशा या माणसावर गेल्या वर्षी जानेवारीत बला आली. कंपनीने चाकणचा कारखाना उचलून दुसऱ्या राज्यात न्यायचं ठरवलं. जुन्या माणसांना बरोबर यायची मुभा होती. एक छापील फॉर्म वाटला गेला, त्यावर दोन चौकोन. ‘होय’ म्हणजे तिकडे जायचं, ‘नाही’ म्हणजे घरी बसायचं. फेब्रुवारीच्या वीस तारखेपर्यंत खूण करून द्यायची.

वाकुऱ्यांनी मला त्यातलं काही सांगितलं नाही. मंजुषा सांगायला आली, हातात इडलीचा डबा आणि डोळे लाल.

“मॅडम, हे ‘होय’ करतील बघा,” ती म्हणाली. “पोर बारावीला, पुढचं शिक्षण. घरी बसून कसं चालंल?”

“मग जाऊ दे की. पिंकीचं शिक्षण होईपर्यंत दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न. तुम्ही दोघी आहात, मी आहे.”

त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. पिंकी जन्मली तेव्हा वाकुरे चाकणजवळ निघोज्यात राहत होते, एका खोलीत सातजण, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. मंजुषा आणि लेक गावाकडे. दिवाळीला आठ दिवस आणि मधे कुणाच्या लग्नाला दोन दिवस, एवढाच बाप त्या पोरीच्या वाट्याला. पिंकी अडीच वर्षांची असताना वाकुरे दिवाळीला घरी गेले. दारात उभे राहिले. पिंकीने त्यांच्याकडे पाहिलं, आत पळाली आणि आईला म्हणाली, “आई, कुणीतरी काका आलेत.”

“हसले तेव्हा,” मंजुषा म्हणाली. “सगळ्यांसंगं हसले. मग गोठ्यात जाऊन बसले. पिंकी सहा वर्षांची झाल्यावर इथं घर केलं. पण ते काका त्यांच्या डोक्यातून जात न्हाई. पिंकीला ठाऊक न्हाई हे, तुम्ही सांगू नका.”

मी सांगणार नाही असं कबूल केलं. आणि त्या क्षणी ठरवून टाकलं की या माणसाला मी कुठेही जाऊ देणार नाही. माझा स्वभावच तसा आहे. दुसऱ्याचं काम एकदा डोक्यात घेतलं की त्याला विचारायचंही मी विसरते.

वाट सापडली ती ज्ञानदेवमुळे. ज्ञानदेव वाकुऱ्यांचा जुना सोबती, त्याच कंपनीत स्टोअर सांभाळणारा. त्याने व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात पाठवली. वाकडच्या एका छोट्या कन्सल्टिंग फर्मला माणूस हवा होता. लहान-लहान वर्कशॉपमध्ये जायचं, मशीनं का बंद पडतात, माल का फुकट जातो ते बघायचं आणि मालकाला सांगायचं. कारखान्यातला अनुभव हवा. अर्जासोबत कव्हर लेटर जोडावं.

“कन्सल्टंट?” वाकुरे म्हणाले. ते माझ्या जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते. पिंकी शेजारी आणि मंजुषा माझ्याच स्वयंपाकघरात चहा करत होती. “आमच्याकडं आले होते की दोघं. आठ दिवस माझ्या मागं फिरले. हे का होतं, ते का होतं. मी सांगायचो, ते लॅपटॉपवर घ्यायचे. मग वर जाऊन साहेबाला तेच रंगीत चित्रं काढून दाखवलं. साहेब टाळ्या वाजवायलेत, मी दाराजवळ उभा.”

“मग तुम्ही इतकी वर्षं फुकट तेच करताय,” मंजुषा आतून म्हणाली. “आता नाव लावून करा.”

मला तिचं फार कौतुक वाटलं. मी लगेच कागद ओढला.

आता हे सांगितलंच पाहिजे की कव्हर लेटर या विषयावर मला गर्व होता. आमच्या इमारतीतली आणि शेजारच्या दोन सोसायट्यांमधली निदान तीस पोरं माझ्या पत्रांवर नोकरीला लागली असतील. माझा एक ठरलेला साचा आहे. पहिल्या परिच्छेदात नम्रता, दुसऱ्यात पराक्रम, तिसऱ्यात तयारी. मी दोन दिवस खपून वाकुऱ्यांचं पत्र इंग्रजीत लिहिलं. इतकं सुरेख झालं की मी ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळे टेबलाशी जमले. पिंकी एकेक वाक्य वाचून बापाला मराठीत सांगू लागली.

“‘मी एक गतिमान आणि ध्येयवेडी व्यक्ती आहे.’”

“कोण?” वाकुऱ्यांनी विचारलं.

“तुम्ही, बाबा.”

“गतिमान?” मंजुषाचा आतून आवाज आला. “रविवारी आंघोळीला बारा वाजतात.”

पिंकी टेबलावर डोकं ठेवून हसली. मी डोळे वटारले तशी पुढे वाचू लागली. सांघिक भावना आली, नेतृत्वगुण आले, आव्हानांची आवड आली. वाकुरे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ते वाक्य आलं: ‘कामानिमित्त कोठेही जाऊन राहण्याची माझी तयारी आहे.’

“हे कशाला?” ते म्हणाले.

“लिहावं लागतं. सगळे लिहितात.”

“पण मी जाणार न्हाई ना कुठं. त्यासाठीच तर हे सगळं करायलोय.”

“वाकुरे, ती रीत असते. आधी आत शिरायचं, मग बघता येतं.”

त्यांनी पिंकीच्या हातातला कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले, “आणि राहिलं कुठाय यात?”

“काय राहिलं? सगळं आलंय.”

“तिसरा रकाना म्हणतोय मी. मला काय येत न्हाई ते कुठं लिहिलंय?”

मी कपाळावर हात मारला. बत्तीस वर्षांची शिक्षिका माझ्या अंगात आली. म्हटलं, “नोकरी मागताना माणूस आपल्यात काय कमी आहे ते लिहीत नसतो! मुलगी दाखवायला नेताना तुम्ही तिचे गणिताचे मार्क सांगणार आहात का?”

“मॅडम!” पिंकी ओरडली.

वाकुरे रागावले नाहीत. त्यांनी मला ज्ञानदेवची गोष्ट सांगितली. सोळा वर्षांपूर्वी एका सकाळी ज्ञानदेव प्रेसवर उभा राहिला. आदल्या शिफ्टच्या माणसाने हात आत गेला की मशीन थांबवणारा जाळीचा सेन्सर बिघडला म्हणून तो तात्पुरता बायपास केला होता. वहीत पहिले दोन रकाने भरलेले होते. तिसरा कोरा. कोरा म्हणजे सगळं ठीक असं समजून ज्ञानदेवने मशीन चालू केलं. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली, तेव्हापासून तो स्टोअरला आहे.

“ज्यानं लिहिलं न्हाई तो वाईट माणूस नव्हता, मॅडम,” वाकुरे म्हणाले. “त्याला वाटलं, साहेब ओरडंल. तवापासून तिसरा रकाना कोरा दिसला की मी मशीनला हात लावत न्हाई.”

पण हट्ट म्हणून मी म्हटलं, “मशीन वेगळं, माणूस वेगळा. पत्र असंच जाईल.” वाकुऱ्यांनी मान डोलावली, कागद दोन्ही हातांनी घेतला, मला नमस्कार केला आणि खाली गेले. माझी सरशी झाली असं समजून मी दुपारी छान झोपले.

अर्ज गेला पाच फेब्रुवारीला. सहा गेली, दहा गेली, चौदा गेली. फोन नाही. वाकुरे रोज पहाटे कंपनीच्या बसला उभे राहायचे आणि फॉर्म रोज त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा, घडीवर घडी पडून मऊ झालेला. ज्ञानदेवने ‘नाही’ केलं, गावी दुकान टाकतो म्हणाला. बाकी बरेचजण ‘होय’ करत होते. मंजुषाने मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. ती बॅग त्यांच्या दाराआड दिसली की मला त्या फर्मचा इतका राग यायचा की मी दोनदा मिक्सरचं झाकण पाडलं.

त्यातच मला त्या दिवसांत फ्लॅट विकणाऱ्यांच्या फोनांनी भंडावून सोडलं होतं. तुम्हाला कल्पना असेलच. वाकडला टू बीएचके, ताथवड्याला टू बीएचके, गच्चीवर पोहण्याचा तलाव. मी आवाज ऐकला की फोन कापत असे. अठरा तारखेला सकाळी पुन्हा एका बाईचा फोन आला.

“नमस्कार, मी वाकडहून बोलतेय...”

“नकोय मला फ्लॅट!” मी ओरडले. “कितीदा सांगायचं? मला पोहता येत नाही!”

“मॅडम, फ्लॅट नाहीये हो,” ती घाईने म्हणाली. “चार दिवस मी हेच सांगायचा प्रयत्न करतेय. मला रोहिदास वाकुऱ्यांशी बोलायचंय. पत्राखाली हाच नंबर आहे.”

माझ्या साच्यात, अगदी तळाशी, माझा स्वतःचा नंबर होता. आधीच्या पत्रांत पोरं तो बदलून घ्यायची. वाकुऱ्यांनी बदलला नव्हता, कारण मी म्हटलं होतं, पत्र असंच जाईल. म्हणजे चार दिवस नोकरी दारावर टकटक करत होती आणि मी तिला हाकलत होते. एवढा साधा घोळ मी माझ्या विद्यार्थ्याच्या हातून खपवून घेतला नसता.

एकोणीस तारखेला सकाळी मुलाखत ठरली. वाकुऱ्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलून सुट्टी काढली, ताप आल्याचं सांगून, आणि त्या अपराधानेच त्यांना खरोखर कणकण आली. इंग्रजीत विचारलं तर असावी म्हणून मला बरोबर घेतलं. वाकडला एका उंच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर ती फर्म होती. सहा-सात टेबलं आणि एक काचेची खोली. मी बाहेर बसले. दोन मिनिटांत आतून हाक आली.

“त्या मॅडम म्हणजे तुम्हीच का? या ना, आत या.”

हाक मारणारी फर्मची मालकीण होती, स्वरूपा. चाळिशीची, साध्या कुडत्यात, केस वर बांधलेले. ती वाकडच्याच जुन्या घरातली. इंजिनीअर होऊन बारा वर्षं मोठ्या कंपन्यांत काढल्यावर तिने हे सुरू केलं होतं. तिच्यासमोर माझं पत्र होतं. आणि त्या पत्राला टाचणी लावून एक दुसरा कागद होता. वहीचा, पट्टीने आखलेला.

“तुमचं पत्र सुरेख आहे,” स्वरूपा म्हणाली. “यांचा कागद वाचू का?”

आणि तिने वाचला. ‘काय झालं’ याखाली होतं, ‘आमची कंपनी दुसऱ्या राज्यात चालली आहे. मला इथे काम पाहिजे.’ ‘काय केलं’ याखाली एकोणीस वर्षांची मशीनं होती, नंबरासकट, कोणत्या वर्षी कोणतं सारखं बंद पडायचं आणि मग कशाने थांबलं ते. तिसरा रकाना सर्वांत लांब होता.

‘काय राहिलं: इंग्रजी. वाचता येतं, बोलताना अडकतो. सोबतचं पत्र वरच्या मजल्यावरच्या मॅडमनी लिहिलं आहे. त्यांचं इंग्रजी फार चांगलं आहे, पण त्यांनी मशीन बघितलेलं नाही. मी गतिमान नाही. मला मशीनजवळ आधी अर्धा तास नुसतं उभं राहावं लागतं. कोठेही जाईन हे वाक्य खोटं आहे, मॅडमनी चांगल्या मनाने लिहिलं आहे. मुलगी लहान असताना मी सहा वर्षं घरी नव्हतो. एका दिवाळीत ती मला काका म्हणाली. ते काम राहिलेलं आहे. म्हणून संध्याकाळी घरी येता येईल असं काम पाहिजे.’

मी खिडकीबाहेर बघू लागले. आधी राग आला होता, लाजही वाटत होती, पण शेवटची ओळ ऐकल्यावर यातलं काहीच उरलं नाही. माझ्या बत्तीस वर्षांत मी एकाही मुलाला असं पत्र लिहायला शिकवलं नव्हतं.

“वाकुरे,” स्वरूपा म्हणाली, “आमच्या ऑफिसात काय राहिलंय, सांगता?”

वाकुरे उठले आणि त्या खोलीत नुसते उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला वाटलं, गेलं, हा माणूस आता खरंच अर्धा तास उभा राहणार. मग ते कोपऱ्यातल्या एसीखाली गेले. तिथे एक निळी बादली होती आणि एसीचं पाणी तिच्यात ठिपकत होतं.

“ही बादली कोण ओततं?”

स्वरूपाने बाहेरच्या मुलीला विचारलं. तिने दुसऱ्याला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

“म्हणजे वाहायला लागली की कळत असंल,” वाकुरे म्हणाले. “पाणी मोठं न्हाई, मॅडम. नळीला उतार उलटा दिलाय, दहा मिनिटांचं काम. पण कुणाचं काम ते ठरलेलं न्हाई. आमच्याकडं बी निम्मी मशीनं याच्यानंच बंद पडायची.”

स्वरूपा मोठ्याने हसली. म्हणाली, “मागच्या वर्षी मी तिघांना घेतलं. तिघांनी लिहिलं होतं, कुठेही जाऊ. पहिल्यांदा कोल्हापूरला पाठवलं तर एकाची आई आजारी पडली, एकाचं लग्न ठरलं आणि एकाने फोनच बंद केला. कोण कुठे जाणार नाही ते मला आधी कळलं असतं तर मी तशी कामं वाटली असती.” मग ती जरा थांबली. “जाहिरातीतली जागा मात्र बाहेरगावच्या कामाचीच होती. महिन्यातले वीस दिवस.”

वाकुऱ्यांनी खिशावर हात ठेवला. फॉर्म तिथेच होता. ते म्हणाले, “मग न्हाई जमणार, मॅडम. एवढं सगळं वाचलंत, आभार आहेत.” आणि खुर्ची सरकवली. मला त्या क्षणी त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. उद्या वीस तारीख, घरी बॅग पुसून ठेवलेली, आणि हा गृहस्थ आभार मानतोय!

“अहो, बसा हो!” स्वरूपा म्हणाली. “माझं पूर्ण ऐका. निघोजे, चाकण, भोसरी, तळवडे. या पट्ट्यात माझ्याकडे अकरा छोटी वर्कशॉप्स आहेत. तिथे रोज जाणारा माणूस मला मिळत नाही. सगळ्यांना विमानात बसायचं असतं. या वर्कशॉपवाल्यांना रंगीत चित्रं नको असतात. तिथल्या पोरांना कळेल असं कुणीतरी सांगणारा लागतो. सकाळी नऊला निघा, साडेसहाला सुटा. चालेल?”

वाकुऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, “चालेल,” आणि मग अजून एकदा, “चालेल.”

निघताना स्वरूपाने तो वहीचा कागद माझ्या हातात दिला. फर्मच्या फायलीला इंग्रजी प्रत लागते, करून द्याल का, म्हणाली. “फक्त एक विनंती, मॅडम. काही घालू नका.”

वीस तारखेला वाकुऱ्यांनी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. मार्चअखेर ते कंपनीतून सुटले. शेवटच्या दिवशी वहीत लिहिलं, ‘काय राहिलं: तीन नंबरच्या प्रेसचा डाव्या बाजूचा आवाज. तिकडे नेल्यावर आधी बघावे.’ निरोपाचं भाषण त्यांनी केलं नाही.

तो कागद मात्र माझ्या टेबलावर होता. इंग्रजी प्रत मी चार दिवसांतच करून पाठवली होती, एक शब्दही न वाढवता, आणि सांगते, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड भाषांतर होतं. मूळ कागद परत द्यायचा राहून गेला. एक एप्रिलला, वाकुऱ्यांच्या नव्या कामाच्या पहिल्या दिवशी, दुपारी पिंकी प्रवेश परीक्षेच्या इंग्रजीचं काही विचारायला वर आली. मी चहा टाकायला आत गेले. कागद टेबलावर उघडा होता. मुद्दाम ठेवला होता का? हो, ठेवला होता. मंजुषाला मी शब्द दिला होता की सांगणार नाही, आणि मी एका शब्दानेही सांगितलं नाही.

चहा घेऊन बाहेर आले तर पिंकी नव्हती. कागद होता तिथेच होता.

संध्याकाळी मी वाटीभर शिरा घेऊन खाली गेले. पहिला दिवस म्हणून गोड, असं निमित्त. खरं म्हणजे मला राहवत नव्हतं. मंजुषाने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वाकुरे नुकतेच आले होते, निघोज्याची धूळ अजून बुटांवर. ते फ्रिजसमोर उभे होते. फ्रिजच्या दाराला वहीचं पान चिकटवलेलं होतं, पट्टीने आखलेलं, अक्षर पिंकीचं.

‘काय झालं: बाबा नव्या कामावरून घरी आले.

काय केलं: आईने भजी. मी चटणी.

काय राहिलं: मी लहानपणी तुम्हाला काका म्हणाले होते. मला आठवत नाही. पण सॉरी, बाबा.’

पिंकी आतल्या खोलीच्या दारात उभी होती, दाराच्या पडद्याचं टोक हातात पिळत. वाकुरे बराच वेळ ते पान वाचत राहिले. तीन ओळी वाचायला इतका वेळ लागत नाही. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, बघितलं, परत ठेवलं.

“मंजुषा,” ते म्हणाले. “लाल पेन कुठाय?”

पिंकीने धावत जाऊन आपल्या दप्तरातून लाल पेन आणलं. वाकुऱ्यांनी घड्याळात पाहिलं. तिसऱ्या रकान्यातल्या ओळीवर, अगदी सावकाश, त्यांनी एक सरळ रेघ मारली. पुढे तारीख घातली, वेळ घातली, सात वाजून चौदा मिनिटं. आणि सही केली: रो. वाकुरे.

मग पिंकीकडे वळून म्हणाले, “भजी गार व्हायलीत. चल.”

मी शिऱ्याची वाटी ओट्यावर ठेवली आणि डोळे पुसत जिना चढले. कुणी विचारलं असतं तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं असतं.